वाजवणाऱ्याची पंगत कुठं बसते?

(अंबाजोगाईत तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. शिव्या तेवढ्या कमी केल्यात.)



पत्रकावर माझ्या नावापुढं ‘जॅझ संगीताचे अभ्यासक’ असं छापलंय. ज्यानं छापलं त्यानं माझा निकाल बघितलेला दिसत नाही. मी दहावी पास आहे, तेही गणितात काठावर. मुंबईच्या इंदिरा गोदीत कंत्राटावर माल उतरवतो. कविता लिहितो. आणि दर रविवारी रात्री नऊ वाजता नेटवरून तासभर अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं वाजवणं आपल्या लोकांना ऐकवतो, मध्ये मध्ये मराठीत बोलतो. त्याला तुम्ही रेडिओ म्हणता. म्हणा. त्याबद्दल बोल म्हणून मला बोलावलंय, तर तेच बोलतो. पण तसं बोलताना एक गोष्ट आडवी येते, ती सांगायची मला लाज वाटते. ती टाळून पुढं जाता आलं असतं तर बरं झालं असतं.

आधी रेडिओ कसा चालतो ते उरकून टाकतो, कारण ते विचारणारे लई भेटतात. सात हजाराला घेतलेला जुना लॅपटॉप. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. इअरफोनचा माइक. डोक्यावरून आज्जीची गोधडी घ्यायची, म्हणजे पत्र्याखाली आवाज घुमत नाही. मे महिन्यात त्या गोधडीत बसून तासभर बोलून दाखवा, मग क्रांतीच्या गोष्टी करू. आवाजाचा दर ३२ केबीपीएस ठेवतो. शहरातली पोरं हसतात, आवाज चेपतो म्हणतात. चेपू दे. ३२ ला तासाला चौदा-पंधरा एमबी जातात, १२८ ला सत्तावन्नच्या वर. माझे ऐकणारे कोण? सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात, कारखान्याच्या फडावर कोपीत पडलेली आपली कोयत्याची माणसं. दिवसभर ऊस तोडून रात्री गाडी भरायची वाट बघत बसलेली. मोबाईल चार्ज केलेला ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, रेंजची एक काडी. त्यांच्यापर्यंत जे पोचतं तेच चांगलं. आणि १९२८ सालची तबकडी मुळातच एका कानाची आहे, तिला स्टिरिओचा दागिना कशाला?

कुणी म्हणतं, एफएम का लावत नाहीस. परवाना लागतो बाबा. कम्युनिटी रेडिओचा परवाना २००२ पासून शिक्षणसंस्थांना मिळायला लागला, २००६ पासून सामाजिक संस्थांना. एकट्यादुकट्या माणसाला तो नाहीच. मला संस्था काढायची नाही. कार्यक्रमाला नावसुद्धा ठेवलेलं नाही. नाव ठेवलं की बॅनर येतो, बॅनर आला की अध्यक्ष येतो.

पहिला कार्यक्रम २०२० च्या मे महिन्यात झाला. गोदीतलं काम बंद पडलं, मी केज तालुक्यातल्या माझ्या गावी आलो होतो. पाच जण ऐकत होते. त्यातला एक मीच, दुसऱ्या मोबाईलवरून, आवाज जातो का बघायला. आता हंगामात चाळीस-पन्नास होतात. मुंबईत असलो तर रे रोडच्या खोलीवरून बोलतो, रात्रपाळी असली तर आधी भरून ठेवतो.

या भानगडीत मी पडलो ते बोटांमुळं. २०१९ च्या पावसाळ्यात पोलादाची कॉईल उचलताना डाव्या हाताची दोन बोटं स्लिंगमध्ये सापडली. कंत्राटदार म्हणाला, आराम कर. रोजाचं काय, ते बोलला नाही. गोदी कामगारांसाठी १९४८ साली कायदा झाला. त्याच्यामागं संप होते, मोर्चे होते. त्यातनं बोर्ड आलं, हजेरी आली, कायमची नोकरी आली. माझ्या मामाच्या बापानं ते दिवस बघितले. १९८९ ला खाडीपलीकडं न्हावाशेवा बंदर सुरू झालं, कंटेनरचा माल तिकडं गेला, आणि इकडं उरलेल्या मालावर आमच्यासारखे आले, ज्यांचं नाव कुठल्याच रजिस्टरात नीट नाही. तर मी खोलीत पडून. हाताला फडकं. छताकडं बघतोय.

गोदीत एक गोवेकर टॅली क्लार्क होता, मालाची मोजणी करणारा. निवृत्त झालेला, पण कँटीनला यायचा. आम्ही त्याला अंकल म्हणायचो. त्याचा बाप मुंबईच्या हॉटेलांत सॅक्सोफोन वाजवायचा आणि धोबीतलावच्या कुडात राहायचा. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावानं मुंबईत आपल्या माणसांसाठी काढलेली खोली. आपल्या गाववाल्यांच्या खोल्या असतात तशीच, फक्त भिंतीवर क्रूस. एका खाटेवर बोटीवरचा खलाशी, शेजारच्या खाटेवर बँडवाला. गोदी आणि बाजा तिथं एकाच ताटात जेवायचे.

अंकल मला बघायला आला. हातात अर्धा डझन केळी आणि एक पेन ड्राइव्ह. म्हणाला, ‘‘इसमें तेरे धंदे का आदमी है.’’

त्या माणसाचं नाव जॉर्ज लुईस. १९०० साली न्यू ऑर्लिन्सला जन्मलेला काळा माणूस. क्लॅरनेट वाजवायचा आणि पोटासाठी गोदीत माल उतरवायचा. १९४४ साली गोदीतच अपघात झाला, जड मालाखाली छाती सापडली, मरता मरता वाचला. घरी खाटेवर पडून होता. मग त्याचे दोन दोस्त, बँजोवाला लॉरेन्स मरेरो आणि बासवाला ‘स्लो ड्रॅग’ पॅव्हाजो, आपापली वाद्यं घेऊन त्याच्या खाटेपाशी आले. बिल रसेल नावाचा एक गोरा माणूस उचलून नेता येईल असं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन आला. आणि या माणसानं चेंगरलेल्या छातीनं खाटेवरच क्लॅरनेट फुंकलं. चाल आधी ठरलेली नव्हती. तिथंच सुचली. बर्गंडी स्ट्रीट या त्याच्या शहरातल्या रस्त्याचं नाव तिला दिलं. ब्लूज आहे ते. ब्लूज म्हणजे बारा मापांचा एक फेरा, तोच पुन्हा पुन्हा, पण दर फेऱ्याला माणूस थोडा वेगळा रडतो.

मी ते किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही. मला जॅझ म्हणजे काय ते कळत नव्हतं. एवढंच कळत होतं, की या माणसाला श्वास पुरत नाहीये आणि तरी तो वाक्य पुरं करतोय.

मला सालं जुळवायची खोड आहे. त्याच १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीचा स्फोट झाला. तारीख १४ एप्रिल. आपण जयंती करतो तोच दिवस. शेकडो माणसं गेली, आणि त्यात बिगाऱ्याची नावं किती लिहिली गेली असतील ते तुम्हीच समजा. पण ते असो, आपण क्लॅरनेटवर होतो.

हे लोक वाजवायला लागले कसे? न्यू ऑर्लिन्सला काँगो चौक आहे. गुलामीच्या काळात रविवारी गुलाम तिथं जमायचे, ढोल वाजवायचे, नाचायचे. गुलामी संपली, पण गरिबी आणि अपमान संपला नाही. काळ्या माणसाला विमा कोण देणार? मग त्यांनी आपापली मंडळं काढली, भिशीसारखी. महिन्याला वर्गणी, आजारपणाला मदत, आणि मेल्यावर इज्जतीनं पुरायचं, पुढं बँड लावून. जाताना संथ वाजवायचं, पुरून परत येताना नाचत यायचं. एकानं वाक्य टाकायचं, बाकीच्यांनी उचलायचं. तुमच्या-माझ्या जलशात शाहीर एक ओळ टाकतो आणि झीलकरी उचलतात, तेच. त्यांचा शाहीर पितळेचा असतो, एवढाच फरक. लुई आर्मस्ट्राँग याच गल्ल्यांतला. पोरवयात कोळशाच्या गाडीवर कामाला. १९१२ च्या शेवटच्या रात्री मजेत पिस्तूल उडवलं म्हणून काळ्या पोरांच्या सुधारगृहात टाकला, आणि तिथल्या बँडमध्ये कॉर्नेट शिकला. आणि जॅझची पहिली तबकडी निघाली १९१७ साली, ती कुणाची? गोऱ्या बँडची. घाम एकाचा, लेबल दुसऱ्याचं. हे तुम्हाला समजावून सांगायला नको.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत कॉटन क्लब होता. वस्ती काळ्यांची, वाजवणारे काळे, नाचणारे काळे, आणि टेबलावर बसून प्यायला परवानगी फक्त गोऱ्यांना. ड्यूक एलिंग्टन, ज्याच्या तोडीचा रचनाकार त्या देशात हाताच्या बोटांवर मोजावा, तो १९२७ पासून काही वर्षं तिथंच वाजवत होता. त्याच्या जातभाईंनी त्याला ऐकायचं तर रेडिओवर. म्हणून रेडिओ.

मुंबईत हे संगीत आलं ते वरच्या दारानं. १९३५ साली लिऑन ॲबीचा काळ्या वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. मग ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ, पियानोवाला टेडी वेदरफर्ड. हा वेदरफर्ड पुढं १९४५ साली कलकत्त्याला पटकीनं मेला. १९३५ म्हणजे कुठलं साल? ऑक्टोबरच्या १३ तारखेला येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं, हिंदू म्हणून मरणार नाही. त्या वर्षी ताजच्या नाचघरात काळी माणसं वाजवत होती आणि ऐकणारे कोण होते ते सांगायला नको. त्यांच्याकडून गोव्याची पोरं शिकली. चर्चच्या शाळेत सुरावट वाचायला शिकलेली होतीच. आल्दोन्याचा अँतोनियो झेवियर वाझ, त्याला सगळे चिक चॉकलेट म्हणायचे, हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणायचे. सी. रामचंद्र हे आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. त्यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त चिक आणि त्याची माणसं पडद्यावर दिसतात. आणि नाचणारा भगवान, गिरणी कामगाराचा पोरगा. आमच्या आया-मावश्या ज्या गाण्यांवर ठेका धरत आल्या, त्या ठेक्यात न्यू ऑर्लिन्सची गल्ली होती, हे कुणी सांगितलंच नाही. गोवेकरांनी ताव ताव सुरावटी लिहिल्या, वाद्यमेळ बांधला, आणि पाटीवर मोठं नाव बहुतेक वेळा एकट्या संगीतकाराचं.

१९७८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ झाली. सॉनी रोलिन्स आला होता. त्याच वर्षी जुलैच्या २७ तारखेला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. माझी आज्जी तेव्हा पोरं पोटाशी धरून ज्वारीच्या रानात दोन रात्री बसली होती. मुंबईतल्या रसिकांना मी दोष देत नाही. संगीत ऐकणं गुन्हा नाही. पण जे संगीत जळलेल्या वस्त्यांमधूनच निघालंय, ते जळणाऱ्या वस्तीपर्यंत पोचायला आणखी बेचाळीस वर्षं लागली, आणि तेही आज्जीच्या गोधडीतून.

आता पोचलं, तरी आपल्याला आत घेतात असं समजू नका. दोन वर्षांपूर्वी मुंबईत एका ठिकाणी जॅझचा कार्यक्रम होता. दीड हजाराचं तिकीट मी घेतलं. दीड हजार म्हणजे माझे अडीच रोज. पाळी सुटल्यावर पाठीला बॅग तशीच लटकवून गेलो. दारावरचा वॉचमन म्हणाला, डिलिव्हरी मागच्या दारानं. बोलण्यावरून गेवराईकडचा वाटला. मी मोबाईलवर तिकीट दाखवलं. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त ओशाळला. आत बँड चांगला वाजवत होता, लोक चांगले जेवत होते. मी पुढचा रविवारभर याच्यावर बोललो. एलिंग्टन लावला, मागच्या दारांचा सगळा इतिहास सांगितला, आवाज चढवून सांगितला. मला स्वतःचाच आवाज फार आवडला त्या दिवशी. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आपल्यातलाच एक मित्र, एमए झालेला, मला म्हणाला, ‘‘हे साम्राज्यवाद्यांचं संगीत कामून लावतोस? वामनदादा लाव, अण्णाभाऊ लाव.’’ वामनदादा माझ्या आईच्या तोंडात आहेत, त्यांना माझ्या ३२ केबीपीएसची गरज नाही. पण त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. १९५५ पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कॉनोव्हर नावाचा माणूस रोज रात्री जगाला जॅझ ऐकवायचा. सावकाश, शब्द सुटे सुटे करून बोलायचा, म्हणजे कमी इंग्रजी येणाऱ्यालाही कळावं. सावकाश बोलायचं मी त्याच्याकडून शिकलो. पोलंडपासून आपल्यापर्यंत लोक त्याला ओळखायचे. त्याच्या देशात त्याला कुणी ओळखत नव्हतं, कारण सरकारी प्रचाराचा रेडिओ देशात ऐकवायला कायद्यानंच बंदी होती. सरकारचा हिशोब साधा होता: जगाला दाखवायचं, बघा आमच्याकडं काळा माणूस किती आनंदानं वाजवतो. १९६३ ला एलिंग्टनला इकडं पाठवलं तेही सरकारनंच. त्याच वर्षी सप्टेंबरच्या १५ तारखेला अलाबामातल्या बर्मिंगहॅमला काळ्यांच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार पोरी मारल्या. जॉन कोल्ट्रेननं नोव्हेंबरात त्यांच्यासाठी एक रचना वाजवून ठेवली, नाव फक्त ‘अलाबामा’. त्यात शब्द नाहीत. ती सरकारच्या सुपारीची नव्हती.

सुपारीवरून आठवलं. आर्मस्ट्राँगला तरुण काळे वादक नावं ठेवायचे, गोऱ्यांपुढं दात काढतो म्हणायचे. १९५७ ला लिटल रॉक गावात नऊ काळी पोरं शाळेत जायला निघाली, राज्यपालानं बंदूकवाले उभे करून अडवली. आर्मस्ट्राँगला सरकार रशियाच्या दौऱ्यावर पाठवणार होतं. त्यानं जाहीर सांगून टाकलं, माझ्या लोकांना तुम्ही असं वागवता, मी तुमच्या वतीनं जाणार नाही. दात काढणाऱ्या माणसानं अमेरिकेच्या सरकारची सुपारी परत केली. एमएवाल्या मित्राला मी हे सांगितलं. वर सांगितलं की १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइसला पत्र लिहून विचारलं होतं, तुमच्या लोकांचं गाऱ्हाणं तुम्ही संयुक्त राष्ट्रांत कसं नेताय. ब्लॅक पँथर १९६६ ला ओकलंडमध्ये निघाली, आपली पँथर १९७२ ला मुंबईत, आणि नाव कुठून घेतलं ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मित्र गप्प झाला. मला वाटलं, वाद जिंकलो.

आता ती गोष्ट.

माझा आजा हलगी वाजवायचा. हौसेनं नाही, गावकीची म्हणून. कुणाचं लग्न निघालं, कुणाचं मढं निघालं, देवाची पालखी निघाली, की आज्यानं पुढं. थंडीत पहाटे पाचोळा पेटवून कातडं शेकायचं आणि उभं राहायचं. मोबदला म्हणजे उरलेलं अन्न, तेही वरून टाकलेलं. १९५६ नंतर धम्माचा वारा गावात आला तेव्हा त्यानं हलगीचं कातडं फाडलं. गावानं दाणा बंद केला. आज्यानं परत हातात घेतली नाही. हलगीच्या कड्याला आज्जीनं जाळी मारून चाळण केली. त्या चाळणीनं चाळलेल्या पिठाच्या भाकरी मी खाल्ल्यात. आजा बरोबर होता. माझा शब्दही त्याच्याविरुद्ध नाही.

पण गावाला वाजवणारा लागतोच. ते काम मांगवाड्याकडं राहिलं. तिथला एक माणूस, त्याला मी नाना म्हणतो, पंचाहत्तरीच्या पुढचा, बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. लाल कोट, सोनेरी झालर, अकरा माणसांचा बँड. डीजे आला आणि बँड बसला. अकरातले सात कोयत्याला गेले. चार राहिले.

२०२२ च्या पावसाळ्यात मी गावी होतो. एका रविवारी जॉर्ज लुईस लावला. सोमवारी सकाळी नाना दारात.

‘‘राती मोबाईलात क्लॅरनेट कोण वाजवायलं होतं रे?’’

‘‘जॉर्ज लुईस, नाना. अमेरिकेतला. गोदीत हमाल होता.’’

‘‘हाय का मेला?’’

‘‘१९६८ ला गेला.’’

‘‘फुंक आमच्यावानी हाय. कागद बघून वाजवणाऱ्याची नाय.’’ मग थोडा थांबून, ‘‘सुपारीचे पैशे मिळायचे का त्याला?’’

म्हणलं, ‘‘पुरत नव्हते. म्हणून तर गोदीत.’’

‘‘अन् वाजवून झाल्यावर जेवायला कुठं बसवायचे?’’

मला वाटलं, झालं, हाच तर माझा विषय. मी कॉटन क्लब सांगितला, मागचं दार सांगितलं, माझं तिकिटाचं प्रकरणसुद्धा सांगितलं. नानानं सगळं ऐकून घेतलं. उठताना म्हणाला, ‘‘लई चांगलं सांगतोस लेका. आपल्या गावचं कवा सांगणार?’’

मित्रांनो, २०१५ साली मी आमच्या गावच्या जयंती मंडळाचा चिटणीस होतो. अठरा वर्षांचा. नानाच्या बँडला सुपारी मीच दिली होती. अकरा हजार ठरले, दोन हजार इसार दिला. जयंतीच्या संध्याकाळी कुणीतरी डीजेची गाडी मिळवली. आम्ही पोरं खुळी झालो. बँडला म्हणलं, तुम्ही मागं चाला. चौकात म्हणलं, आता थांबा, ऐकू येत नाही. अकरा माणसं लाल कोटात, वाद्यं खाली धरून, आमच्या मिरवणुकीच्या मागं चालत होती. रात्री जेवणं झाली. आपल्या माणसांच्या पंगती उठल्या, मग पाहुण्यांच्या, मग डीजेवाल्याची पोरं. मग शाळेच्या मागं, जनरेटरपाशी, बँडवाले. भात संपत आला होता. नऊ हजार पुढच्या आठवड्यात देतो म्हणलं. ते मीच म्हणलं. नऊ हजार आजतागायत दिलेले नाहीत.

हे कुणा पाटलानं केलेलं नाही. मिरवणुकीत पुढं बाबासाहेबांचा फोटो होता.

त्यानंतर तीन रविवार मी क्लॅरनेट असलेलं काहीही लावलं नाही. नुसता पियानो. कोपीवरून एकाचा मेसेज आला, भाऊ काय झालं, सगळं एकच वाद्य? चौथ्या रविवारी गोधडीत बसून सगळं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसंच, आकड्यांसकट. मग फोन सुरू झाले. आपल्याच पोरांचे. चळवळीचं नाव खराब करतोस. घरातली भानगड चव्हाट्यावर आणतोस. एकजण म्हणाला, त्यांनी वाजवणं सोडावं ना, आपण सोडलं तसं. यावर मी बरेच दिवस विचार केला. आज्यानं सोडलं ते बरोबर, कारण त्याला नाही म्हणायची सोय नव्हती आणि त्यानं ती करून घेतली. नानाला वाजवणं येतं, आवडतं, आणि त्याचं पोट त्याच्यावर आहे. त्याला आपण सांगायचं की तुझी कला हीच तुझी गुलामी, आणि तीच कला न्यू ऑर्लिन्सच्या माणसानं वाजवली की मी रविवारी तासभर तिची आरती करायची. हे कुठलं गणित? आणि गणितात मी काठावर पास आहे, तरी मला कळतंय की हे चुकतंय.

दोन महिन्यांनी नाना रेडिओवर वाजवायला तयार झाला. गोधडीत बसायला साफ नाही म्हणाला, ‘‘मी काय चोर हाय का?’’ अंगणात बसला. कुत्रं भुंकत होतं, शेजारची म्हैस हंबरत होती, ते सगळं गेलं. आधी लग्नातली दोन गाणी वाजवली. मग मी मोबाईलवर लुईसचा तो ब्लूज लावून दिला. त्यानं एक फेरा नुसता ऐकला, दुसऱ्याला मान हलवली, तिसऱ्यापासून बरोबर धरला. मध्ये दम लागला तेव्हा थांबला, मोबाईलला पुढं जाऊ दिलं, आणि पुढच्या फेऱ्यात परत शिरला. मी काही बोललो नाही. त्या दिवशी बोलायला काही नव्हतंच.

कोल्हापूरकडच्या एका कोपीतनं फोन आला: नानाला म्हणावं, आमच्या पोरीच्या लग्नात वाजवा, डीजे परवडत नाही. नाना म्हणाला, ‘‘म्हंजी स्वस्त हाय म्हणून का?’’ पण गेला. पैसे आधी घेतले.

आता यंदाची जयंती. मंडळानं ठरवलंय की नानाचा बँड लावायचा, चार तर चार माणसं. पण नानाच्या अटी आहेत. पहिले जुने नऊ हजार. त्यातले चार मी माझ्या रोजातून बाजूला ठेवलेत, पाच मंडळानं द्यायचेत. दुसरी, ठरलेले पैसे वाजवायच्या आधी. तिसरी, जेवण पहिल्या पंगतीत, सगळ्यांच्या ओळीत, जनरेटरपाशी नाही. चौथी, बॅनरवर ‘बँड पथक’ असं न लिहिता चौघांची नावं लिहायची.

पहिल्या तीन अटी मंडळाला कबूल आहेत असं कळतं. चौथीला जागा नाही म्हणतात. वर्गणीदारांचे फोटो बसवायचेत.

बैठक गुरुवारी आहे. मंडळाचे खजिनदार तिसऱ्या रांगेत बसलेत, मघापासून मोबाईल बघतायत. माइक इथं आहे. मी खाली बसतो.